बातमी खालून कापतात

३ जून

बारक्या,

आशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

आजच्या तुमच्या पेपरात पान एकवरचा 'ताटात येतोय बागुलबुवा!' हा मथळा कुणी लिहिला, हे विचारायला मला तुमच्या संपादकांना फोन करायची गरज नाही. जेवताना छळणाऱ्या एका पोराला आपली आई काय म्हणायची? "खा मुकाट्यानं, ताटात काही बागुलबुवा बसलेला नाही." ते पोरगं आता मोठं झालं, डेस्कवर बसून मथळे लिहायला लागलं आणि सख्ख्या बहिणीच्या अकरा वर्षांच्या कामाला बागुलबुवा म्हणून मोकळं झालं. शाब्बास रे पठ्ठ्या!

बातमी बटाट्याची आणि फोटो टोमॅटोचा, त्यात खुपसलेली सुई. अरे, निदान भाजी तरी तीच घ्यायचीस! आणि सुई कुठून आणलीत? आमच्याकडे कुणी कशाला सुई टोचत नाही. डोंगरात एक रानबटाटा उगवतो. बोराएवढा, कडूजहर, कुणी तोंडात घालत नाही. पण त्याला करपा लागत नाही. करपा शिरला की हिरवंगार शेत आठवड्यात काळं पडतं आणि मातीखालचे बटाटे सडून त्यांचा चिखल होतो. रानबटाट्याचा तेवढा एक गुण आम्ही घरच्या बटाट्यात आणलाय. कुंपणाच्या आत, अंगणाएवढ्या तुकड्यात तो टिकतो का ते बघतोय. यालाच जनुक बदललेलं पीक म्हणतात. त्याला शिंगं नसतात.

आता खरं दुखणं सांगते. बाबांना हल्ली समोरचं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. रोज सकाळी पेपर मी वाचून दाखवते. जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासलेला माणूस, त्यामुळे वाचायचंही त्यांच्या पद्धतीनं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं तपासायचं, तसं. स्वल्पविरामसुद्धा म्हणावा लागतो, नाहीतर थांबवतात. तर आज सकाळी मी माझ्याच बापासमोर बसून वाचलं, "ताटात येतोय बागुलबुवा, उद्गारचिन्ह." सगळी बातमी वाचली. बाबा म्हणाले, "बारक्याच्या पेपरात आलंय म्हणजे कुणीतरी तपासलं असेल."

दुपारी त्यांच्या ताटात बटाट्याची फोड होती. त्यांनी ती बोटानं चाचपली आणि विचारलं, "मोठे, हा तुमच्यातला नाही ना?"

फोन करणार नाहीये. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस आणि बाबांचे डोळे गेले तसे कान तिखट झालेत. लिही.

आशीर्वाद. (बघ, शेवटी का होईना, दिला.)

ताई


९ जून

ताई,

कान धर माझा. दोन्ही धर.

शपथेवर सांगतो, ते तुझं काम आहे हे मला माहीत नव्हतं. बातमी बाहेरून आली होती. तुमच्या संस्थेचा उल्लेख चौथ्या परिच्छेदात होता आणि मी दुसऱ्यापर्यंत वाचलं. हसू नकोस, किंवा हस. पान छपाईला जायच्या आधी एका तासात माझ्यापुढे सात बातम्या असतात. मथळा म्हणजे दुकानाची पाटी, ताई. दुकानात काय आहे हे पाटी रंगवणाऱ्याला कुठं ठाऊक असतं? 'जनुक' दिसलं, 'अन्न' दिसलं, आईचा शब्द आठवला, बसवला. साहेब खूश झाले. म्हणाले, चावा घेणारा मथळा आहे. मलाही बरं वाटलं. आता वाटतंय कुठं तोंड लपवू.

फोटोचं म्हणशील तर आमच्या संग्रहात 'जीएम' असं टाकलं की तो एकच टोमॅटो येतो. मी नोकरीला लागलो तेव्हापासून आम्ही त्याला सुई टोचतोय. एव्हाना तो ठणठणीत बरा व्हायला हवा होता.

पण तूही कमाल करतेस. बाबांना कशाला वाचून दाखवलीस? अशी बातमी गाळायची. त्यांना काय दिसणार होतं? हवामान वाचायचं, निधनवार्ता वाचायच्या, संपलं.

पुढच्या महिन्यात येतोच. नक्की.

बारक्या


१७ जून

बारक्या,

गाळायची? डोळ्यांनी अधू झालेल्या माणसापुढे पेपर धरायचा आणि आपल्याला सोयीचं तेवढं वाचायचं? बाबा माझ्या भरवशावर ऐकतात. उद्या औषधाची बाटली वाचतानाही मी गाळलं तर? तुझं डोकं म्हणजे ना, त्या टोमॅटोलाच टोचलेली सुई काढून तुला टोचायला हवी.

बाबा आता प्रत्येक जेवणाला विचारतात. "हा तुमच्यातला नाही ना?" रागानं नाही रे, अगदी मऊ आवाजात. घरी आलेल्या पाहुण्याला आपण जसं 'तुम्हाला साखर चालते ना' विचारतो, तसं. मी सांगते, "नाही बाबा." मग ते घास घेतात. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई आपल्या परसातली वांगी वर्षानुवर्षं हक्कानं न्यायच्या. परवा मी वाटीभर दिली तर म्हणाल्या, "आमच्याकडे हल्ली कुणी खात नाही." घरात चार माणसं आणि सगळ्यांचं वांगं एकदम सुटलं!

गंमत सांगू? मी कितीही म्हटलं तरी माझा बटाटा बाबांच्या ताटात येऊच शकत नाही. कुंपणाबाहेर साल न्यायलाही बंदी आहे. काढणी झाली की वजन करायचं, चिरून बघायचं, वाफेवर शिजवायचं आणि खड्ड्यात पुरायचं. अकरा वर्षं मी रांधते आणि पुरते. तो लागतो कसा, हे मलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुमच्या पेपराला मात्र तो ताटात येताना दिसला.

मला काही हारतुरे नकोत. एकदा कुणीतरी म्हणावं की हा बटाटा आहे. बस. बागुलबुवा नाही, बटाटा. आणि ते बाबांनी म्हणावं. बाकी जगाचं मी बघून घेईन.

पुढच्या महिन्याचं विसरू नकोस. बाबा तुझं पाऊल ओळखतात. जिन्यात कुणाचाही बूट वाजला की मान वळवतात.

आशीर्वाद.

ताई


६ ऑगस्ट

ताई,

यायला जमलं नाही. दोघं रजेवर गेले आणि डेस्क माझ्या गळ्यात पडलं. पण नुसता बसून नव्हतो.

साहेबांना पटवलंय! तुमच्या कामावर मोठी बातमी, रविवारी, पान एक. आमची बातमीदार बुधवारी तुमच्याकडे येईल. हुशार मुलगी आहे. समोरच्याला बोलू देते आणि लिहून घेतलेलं परत वाचून दाखवते. बाबांना आवडली असती. तिला सगळं सांग, रानबटाटा, करपा, वाफ, खड्डा, सगळं. फोटोग्राफरही येतोय, म्हणजे टोमॅटोची सुट्टी.

मथळा मी लिहिणार. या वेळी असा लिहीन की बाबा तुला ताटावरून उठून मिठी मारतील. त्यांना आधी सांगून ठेव.

जे बिघडवलं ते मीच नीट करतो की नाही बघ.

बारक्या


२१ ऑगस्ट

बारक्या,

'करप्यावर रामबाण! आता बटाटा सडणार नाही.'

आठ कॉलम. माझा फोटो, हातात रोप, डोळे अर्धे मिटलेले. आधी बाबांचं सांगते, कारण ते तुला ऐकायचं असेल.

त्यांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी विरामचिन्हं विसरले तरी थांबवलं नाही. मग पेपर माझ्या हातातून घेतला, तोंडाशी तिरका धरला आणि कडेकडेनं तो मोठा मथळा स्वतः वाचला. एकेक अक्षर. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही. "मोठे, तुझं नाव पान एकवर बिनचूक छापलंय गं," म्हणाले. शिवणकामवाल्या बाईंना हाक मारून दाखवलं, डॉक्टरांना दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. बाई संध्याकाळी वांगी मागायला आल्या. दुपारी ताटातली फोड उचलून बाबांनी विचारलं, "हा तुझा का गं?" आवाज बदललेला. 'तुमच्यातला' जाऊन 'तुझा' झाला. मी म्हटलं, नाही. तर त्यांचं तोंड एवढंसं झालं.

मला आनंद झाला नाही म्हटलं तर खोटं होईल. बाबांचा तो चेहरा बघून झाला.

पण बारक्या, माझी शेवटची ओळ कुठं आहे? मी त्या मुलीला स्पष्ट सांगितलं होतं, 'हे बटाटे करप्याच्या एका जातीला तोंड देतात. दुसरी जात आली तर टिकतील का, ते अजून माहीत नाही. बाहेर द्यायला अजून बरीच वर्षं आहेत.' तिनं ते मला परत वाचून दाखवलं होतं. मी सही केली असती त्याखाली. छापलेल्या बातमीत ते नाही. आणि 'आता बटाटा सडणार नाही' असं मी कधी, कुणाला म्हटलं?

सोमवारपासून फाटकाशी माणसं येतायत, बी द्या म्हणून. नाही म्हटलं की म्हणतात, पेपरात आलंय, तुम्ही दडवून ठेवता. आमचे संचालक वर्तमानपत्र चौकटीत लावायला घेऊन गेलेत. ते म्हणाले, "तुम्हाला कौतुकही सोसत नाही का?" नाही सोसत. बागुलबुवा नको म्हटलं तर तू थेट रामबाण मारलास. या दोघांच्या मध्ये एक साधा बटाटा असतो रे. तो तुमच्या पानात मावत नाही का?

ताई


२८ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बाबांचा भाग वाचून डोळे भरले, पुढचा वाचून कान लाल झाले.

शेवटची ओळ मी कापली. त्या मुलीचा दोष नाही. संध्याकाळी पानावर जाहिरात वाढली आणि बातमी चार ओळी लांब झाली. अशा वेळी आम्ही खालून कापतो. विचार न करता कापतो. कारण बातमीदाराला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, महत्त्वाचं वर लिहायचं आणि बिनमहत्त्वाचं खाली. तुम्ही शास्त्रज्ञ नेमके उलटे. सगळं सविस्तर सांगता आणि 'पण' शेवटी ठेवता. तू बोललीस त्या क्रमानं तिनं लिहिलं, आणि मी माझ्या क्रमानं कापलं. दोघंही नियमानं वागलो आणि तुझा 'पण' केराच्या टोपलीत गेला.

मथळ्याला मात्र काही सबब नाही. तो मी शुद्धीत लिहिला. मला बाबांना खूश करायचं होतं. तुला पण.

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. बातमीचं आयुष्य एक दिवसाचं असतं. लोक विसरतील. बाबा खूश आहेत ना? मग झालं तर.

बाहेरच्या खोलीतला माझा पलंग अजून आहे का? ऑक्टोबरात येईन म्हणतो.

बारक्या


४ ऑक्टोबर

बारक्या,

लोक विसरले नाहीत.

सप्टेंबर लागला तेव्हा बाजारात गेले होते. एका आडत्याच्या दुकानात बियाण्याच्या गोण्या रचलेल्या, आणि प्रत्येक गोणीवर तुझा मथळा. पेपरातून कापून खळीनं चिकटवलेला. 'करप्यावर रामबाण!' वर माझा फोटो, डोळे अर्धे मिटलेले. मी गोणी उघडायला लावली. साधे बटाटे! दुकानदारानं मला ओळखलंसुद्धा नाही. म्हणतो, "बाई, घेऊन टाका, सरकारी शास्त्रज्ञीणबाईंचं बियाणं आहे, चार दिवसांत संपेल." मी काय करणार? संस्थेत जाऊन सांगितलं, संस्थेनं पत्र काढलं, ते पत्र कुणी छापलं नाही. तुमच्याकडेही पाठवलं होतं. तोवर लोकांनी लावून टाकले होते. पाऊस पंधरा दिवस थांबलेला नाही आणि करपा सगळीकडे आलाय.

आमच्या कुंपणातली रोपं? बहुतेक उभी आहेत. खालच्या कोपऱ्यातल्या तीन ओळींना करपा शिरला. मला नेमकं तेच शोधायचं होतं. कुठं टिकतो, कुठं नाही. एरवी मी आनंदानं उडी मारली असती.

बाबांना बरं नाही. गिळायला त्रास होतो. डॉक्टर म्हणाले, मऊ, कुस्करलेलं द्या. म्हणजे घरात रोज बटाटाच. आणि रोज तेच. "आज तुझा आहे का गं?" काल म्हणाले, "मी जायच्या आधी एकदा चाखवशील ना? जन्मभर दुसऱ्यांचं छापलेलं तपासलं, एकदा माझ्या पोरीचं तपासू दे." मी त्यांना कुंपण, नियम, खड्डा, सगळं परत समजावलं. ते मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

ऑक्टोबर लागलाय. तुझा पलंग आहे जागेवर.

ताई


१८ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र पोचायच्या आधी तू कालचा पेपर पाहिला असशील. 'रामबाण नव्हे, फुसका बार!' खाली सडलेल्या शेतांचे फोटो, आणि चौकटीत पुन्हा तो टोमॅटो.

मी नाही लिहिला. पण मी त्याच टेबलाशी बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरच्यानं माझाच शब्द उचलून उलटा केला आणि सगळे हसले. मी म्हटलं, ते बियाणं तिचं नव्हतंच, नकली होतं. तर साहेब म्हणाले, "हो, ते शेवटच्या परिच्छेदात आहे." ताई, शेवटच्या परिच्छेदात होतं. सकाळी पेपर हातात घेतला तेव्हा नव्हतं.

मी भांडायला हवं होतं. मी उठून पाणी प्यायला गेलो.

एवढं ऐक. ही बातमी बाबांना वाचून दाखवू नकोस. तुझ्या पाया पडतो.

बारक्या


२४ ऑक्टोबर

बारक्या,

नाही वाचली.

पेपर उघडला, मथळा पाहिला आणि माझ्या तोंडून हवामान बाहेर पडलं. मग खेळ. मग कुठल्याशा पुलाचं उद्घाटन, ते तर त्या पानावर नव्हतंच. मी पूल बांधला, स्वल्पविरामांसकट. बाबा शांतपणे ऐकत होते. अकरा वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केला नाही मी, आणि बापाला अख्खा पूल खोटा वाचून दाखवला. सोपं असतं रे. मला वाटलं होतं जीभ अडखळेल.

काल संस्थेनं प्रयोग बंद केला. लोक फाटकाशी सडके बटाटे ओतून गेले होते. संचालक म्हणाले, सध्या विषय नको. भिंतीवरची चौकटही काढली. संध्याकाळपर्यंत सगळी रोपं उपटून झाली, टिकलेली आणि न टिकलेलीही. मी शेवटचा खड्डा बुजेपर्यंत उभी होते.

बाबा दोन दिवस फारसं खात नाहीयेत. पुढच्या महिन्यात वगैरे नको आता. निघ.

ताई


२७ ऑक्टोबर

ताई,

साहेबांना न विचारता रजा टाकली. शुक्रवारी दुपारी पोचतो. बाबांना सांग, जिन्यात बूट वाजतील ते माझेच.

बारक्या


१५ नोव्हेंबर

बारक्या,

तू गेल्यावर घर फार मोठं झालं. दोन खोल्यांचं घर एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. बाबांचे कपडे दवाखान्यातल्या शिपाईमामांना दिले. चष्मा ठेवलाय. पेपर अजून येतो. बंद करायला सांगितलं नाही, सकाळी दारात पडलेला दिसला की तेवढंच बरं वाटतं. शिवणकामवाल्या बाई रोज डबा देतात. मी काही न विचारता खाते. संस्थेनं मला बियाण्यांच्या तपासणीला बसवलंय, खिडकीशी टेबल आहे, कुणी त्रास देत नाही.

तू लिहिलेली निधनवार्ता वाचली. चार ओळी, एकही विशेषण नाही, एकही चूक नाही. बाबांनी पास केली असती.

त्या दिवशी तू बूट न काढताच त्यांच्या पलंगाशी बसून राहिलास आणि मग स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, "शेवटी काय म्हणाले?" मी म्हटलं, "काही नाही, झोपेत गेले." घरात माणसं होती. आणि माझ्यात तेवढं बळ नव्हतं. आता सांगते.

गुरुवारी, तू यायच्या आदल्या दिवशी दुपारी, त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मोठे, आणलास का आज?" दोन दिवस अन्न नाही, ओठ सुकलेले, आणि तेच. तोवर खड्डा बुजून आठवडा झाला होता रे. जगात माझा एकही बटाटा शिल्लक नव्हता. हे त्यांना कसं सांगू?

मी म्हटलं, "हो बाबा. आणला."

टोपलीतला एक उचलला. बाजारातला, साधा, एका बाजूनं थोडा हिरवट झालेला. तेवढा भाग काढला. उकडला, सोलला, दूध आणि मीठ घालून कुस्करला. त्यांना उशीला टेकवून बसवलं. पहिला चमचा त्यांनी तोंडात बराच वेळ घोळवला. भुवया आवळलेल्या, प्रूफ तपासताना व्हायच्या तशाच. मी खोटं बोलून बसले होते आणि तरी निकालाची वाट बघत होते, बघ माझी अक्कल.

मग गिळलं. म्हणाले, "हा तर नेहमीसारखाच लागतोय."

मी म्हटलं, "हो बाबा."

"काहीच वेगळं नाही गं."

"नाही बाबा. बटाटाच आहे तो."

"मग एवढं छापायचं काय होतं त्यात?" असं म्हणून हसले. अजून दोन चमचे खाल्ले. तोंड पुसून दिलं तर माझा हात धरून ठेवला आणि तसेच झोपले. जिन्यात कुणाचे तरी बूट वाजले तेव्हा मान जराशी वळली. तुझे नव्हते. ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

अकरा वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं. एवढंच, आणि त्यांच्याच तोंडून. आणि ते मिळालं बाजारातल्या बटाट्याला. माझा बटाटा कधीच कुणी चाखणार नाही. तू मथळ्यानं त्यांना खूश केलंस म्हणून मी तुला तोंड भरून बोलले, आणि मी चमच्यानं तेच केलं. रडू येतं ते कशाचं, तेही मला धड कळत नाही.

आणि एक गोष्ट राहून राहून मनात येते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेला माणूस. माझा आवाज कापला तर त्यांना दुसऱ्या खोलीतून कळायचं. ही चूक त्यांना दिसलीच नाही, की दिसली आणि त्यांनी ती तशीच सोडली?

हे सगळं मी मुद्दाम खाली लिहिलंय. पत्र लांब झालं असलं तरी या वेळी खालून कापू नकोस.

आशीर्वाद.

ताई